एक वीत खाली

फळी फक्त एक वीत खाली घ्यायची होती. एक वीत! हे मी आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना सांगितलं, मिस्त्रीला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या वहिनींना सांगितलं, आणि टाइल्सच्या दुकानात तर गल्ल्यावरच्या माणसाला हाताची वीत करून दाखवली. सगळ्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं आणि मग माझ्या तोंडाकडे. ऑफिसात चार माणसं हाताखाली असलेल्या गृहस्थाकडे असं बघणं हा शुद्ध अपमान आहे. पण त्या आठवड्यात मला अपमान मोजत बसायला सवड नव्हती.

सुरुवात अशी झाली, की आमची ही मैत्रिणींबरोबर समुद्रावर जायला निघाली. कॉलेजच्या हॉस्टेलातल्या मैत्रिणी. लग्नं झाल्यापासून त्यांचं ‘एकदा जाऊ या गं’ चालू होतं आणि दर वेळी काही ना काही आडवं यायचं. एकदा मुलीची परीक्षा, एकदा माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, एकदा माझा ताप. गेल्या खेपेला तर ही स्टेशनपर्यंत पोचली होती. मी आपला सहज फोन केला, की जळक्या वासावर काही उपाय असतो का. थोड्या वेळात बाई बॅगेसकट दारात हजर! मी नुसतं विचारलं होतं हो. पण आमच्या मुलीने तो दिवस माझ्या नावावर कायमचा चढवून ठेवला आहे.

म्हणून या वेळी आदल्या दिवशीच मुलीचा फोन आला. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी असते, पण तिचा धाक इथवर पोचतो.

“बाबा, आई या वेळी अर्ध्यातून परत आली ना, तर मी तुमच्याशी बोलणार नाही. घराला आग लागली तरी तिला सांगायचं नाही.”

“मग सांगायचं कोणाला?”

“अग्निशामक दलाला,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

निघताना ही दारातून परत परत आत आली. एकदा गॅस बघायला, एकदा बाल्कनीची कडी बघायला, आणि एकदा नुसतीच.

“जाऊ ना हो?”

“जा बाई, जा. मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

यावर तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की प्रश्न विचारला नसता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. मग टॅक्सी वळली, मी वर आलो, आणि आता स्वतःचा चहा स्वतः करून पिऊ म्हणून स्वयंपाकघरात गेलो.

चहाचा डबा आमच्याकडे सगळ्यात वरच्या फळीवर असतो. साखरेचाही तिथेच. का, ते विचारू नका. घर घेतलं तेव्हा सुताराने फळी त्याच्या उंचीने ठोकली आणि सुतार ताडमाड होता. माझा हात पोचतो. हिचा पोचत नाही. म्हणून ओट्याखाली एक लाकडी स्टूल असतं, ज्याचा एक पाय बाकीच्या तिघांशी फटकून वागतो. ही रोज सकाळी त्या स्टुलावर चढते, एका हाताने भिंत धरते, दुसऱ्या हाताने डबा काढते. मागच्या महिन्यात तोल जाऊन ओट्याला कोपर आपटलं तर म्हणाली, “काही नाही हो, सवय आहे.” मी बाहेर पेपर वाचत होतो. पेपरातूनच म्हणालो, “जपून.”

त्या रिकाम्या स्वयंपाकघरात उभं राहून मला ते ‘जपून’ आठवलं. तेवढ्यात भिंतीवर, फळीच्या बरोबर एक वीत खाली, मला तिच्या बोटांच्या खुणा दिसल्या. तेलकट, पुसट. चार बोटं आणि जरा बाजूला अंगठा. रोज तिथेच हात टेकून टेकून उमटलेल्या. मी त्या खुणांकडे बराच वेळ बघत राहिलो. माणूस आत्ताच गेलंय आणि आपण त्याच्या बोटांच्या ठशांशी उभे आहोत, हे बरं लक्षण नाही. पण त्याच क्षणी डोक्यात लख्ख उजेड पडला. हिचा हात इथवर पोचतो! मग फळी इथेच हवी. परत येईल तेव्हा फळी खाली आलेली असेल, ही हात वर करेल, आणि डबा अलगद हातात. स्टूल नाही, काही नाही.

वरच्या वहिनींच्या यजमानांकडे, म्हणजे भाऊंकडे, ड्रिल मशीन आहे. त्यांनी ते हौसेने घेतलं आणि डब्यातून कधी बाहेर काढलं नाही. मी मागितल्यावर त्यांना इतका आनंद झाला, की मशीनबरोबर स्वतःही आले. पाठोपाठ वहिनी आल्या.

“अहो, तिला फोन करून उंची विचारा की,” वहिनी म्हणाल्या.

“मग सरप्राइज कसलं?”

“आणखी खाली घेऊ नका हं,” भाऊ म्हणाले. “भांडी घासताना तुमचं डोकं आपटेल.”

“हे भांडी घासतात?” वहिनींनी विचारलं. इतक्या खऱ्याखुऱ्या कुतूहलाने विचारलं, की मला राग येण्याऐवजी लाजच वाटली. त्या भरात मी मशीन जरा जोरात दाबलं.

भिंतीच्या आत पाण्याचा पाइप असतो. हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. पण तो नेमका कुठून जातो हे माहीत असायला घर आपण बांधलेलं असावं लागतं. आधी एक थेंब आला. भाऊ म्हणाले, “ओल दिसतेय.” पुढचं वाक्य त्यांना बोलता आलं नाही, कारण पाणी थेट त्यांच्या चष्म्यावर आलं.

आता, इमारतीचं पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह गच्चीवर, गच्चीला कुलूप, आणि किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी राहतात बरोबर आमच्या खाली. मी भोकावर अंगठा दाबून उभा, भाऊ त्यांना निरोप द्यायला निघाले, तेवढ्यात सेक्रेटरीच वर आले. त्यांच्या टकलावरून पाणी ओघळत होतं.

“किल्ली!” मी ओरडलो.

“लेखी अर्ज,” सेक्रेटरी म्हणाले.

“अहो, तुमच्याच घरात गळतंय!”

“म्हणूनच सांगतो. उद्या कोणी म्हणायला नको, की सेक्रेटरींनी स्वतःच्या घरासाठी नियम मोडला.”

मी एका हाताने पाणी अडवलं आणि दुसऱ्या हाताने अर्ज लिहिला. माझ्या उमेदीच्या काळातही मी असं काही केलं नव्हतं. कागद भिजला म्हणून त्यांनी तो पुन्हा लिहायला लावला, दुसरा भिजू नये म्हणून वर छत्री धरली, आणि मग रुमालाने डोकं पुसत गच्चीकडे गेले.

पाणी थांबलं, मिस्त्री आला. त्याचं नाव मला अजून माहीत नाही. सगळी इमारत त्याला ‘होऊन जाईल’ म्हणते, कारण तो दुसरं काही बोलतच नाही. पाइप बदलावा लागेल? होऊन जाईल. भिंत किती फोडायची? होऊन जाईल. कधी होईल? याला मात्र तो नुसता हसायचा. संध्याकाळपर्यंत त्याने सिंकपासून खिडकीपर्यंत भिंत उघडी केली, ओटा अर्धा उचकटला, आणि आमच्या त्या स्टुलावर उभा राहून छत तपासताना स्टुलाचा चौथा पाय मोडला. तो ते फेकायला घेऊन निघाला. मी म्हणालो, “दे फेकून. आता लागणारच नाही.”

मग फोन वाजला. व्हिडिओ कॉल.

मी जिन्यात पळालो आणि तिथे उचलला. पडद्यावर हिचा चेहरा. केस मोकळे, सगळे वाऱ्यावर, साडीऐवजी कुठल्यातरी मैत्रिणीचा ढगळ शर्ट, मागे लाटा, आणि ही हसत होती. अशी हसत होती, की मला आधी वाटलं दुसऱ्याच कोणाचा फोन लागला. एक लाट आली तशी ही लहान पोरीसारखी किंचाळली आणि कॅमेऱ्यात आकाश दिसायला लागलं. किती वर्षांत ऐकलं नव्हतं हे हसू! घरातलं तिचं हसू वेगळं असतं. ते अर्धं हसून कुकरकडे बघतं.

“कुठे आहात हो?”

“जिन्यात. जरा हवा खातोय.”

“जिन्यात कसली हवा? ओटा दाखवा बघू. गॅस नीट बंद केलाय?” हसू तिथल्या तिथे आटलं. कपाळावर ती ओळखीची आठी. “काय झालंय? मी निघू का?”

“छे छे! रेंज जातेय... हॅलो... हॅलो...” म्हणत मी फोन कापला आणि जिना चढलो. का चढलो ते मला सांगता येणार नाही. बहुतेक खाली सेक्रेटरी होते म्हणून.

वर वहिनी त्यांच्या दारातच होत्या. त्यांची सगळी हयात शाळेत मुलांची नाटकं बसवण्यात गेली. मी एका दमात सांगितलं, की ही परत येईल, आत्ता येईल, आणि मी तिचं ते हसू मोडणार नाही म्हणजे नाही. वहिनींनी मला पाणी दिलं आणि स्वतःच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

“सगळी घरं एकाच साच्यातली. ओटा तोच, टाइल्स त्याच, खिडकी तिथेच. ह्यांना घेऊन खाली जा. तुमचे डबे, तुमचा पडदा, तुमची चहाची किटली आणा. माझी भांडी मी हलवते. चला!”

थोड्या वेळाने तिचा पुन्हा व्हिडिओ कॉल आला. तिसऱ्या रिंगला मी फोन उचलला तेव्हा मागे आमचा पडदा होता, आमचे डबे होते, आणि मी फडकं खांद्यावर टाकून उभा होतो. फडक्याची कल्पना वहिनींची. हिने ओटा पाहिला, गॅस पाहिला, डबे पाहिले.

“खिडकीकडे धरा ना जरा फोन.”

“का?”

“उजेड येऊ दे.”

धरला. ही बघत राहिली, मग म्हणाली, “बरं. जेवून घ्या,” आणि फोन ठेवला. वहिनींनी आणि भाऊंनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून आमचा रोजचा प्रयोग सुरू झाला. ऑफिसातून आलो की मी आणि भाऊ डबे घेऊन वर जायचो, प्रयोग संपला की खाली आणायचो, कारण वहिनींनाही स्वयंपाक असतोच ना. डबे लावण्यावरून वहिनी मला रोज बोलायच्या. भाऊंनी कॉल चालू असताना शिंकायचं नाही असा नियम होता. शिंक दाबून दाबून त्यांचे कान दुखायला लागले. आणि एके दिवशी ते नियमाचं भान सोडून, कमरेला टॉवेल गुंडाळून, माझ्या पाठीमागून सरळ चालत गेले.

“कोण गेलं हो आत्ता?” हिने विचारलं.

“भाऊ. त्यांच्याकडे पाणी नाहीये. आंघोळीला आलेत.”

“संध्याकाळी?”

“पाणी गेल्यावर माणूस वेळ बघत नाही.”

आणि पुन्हा तेच, “खिडकीकडे धरा जरा.” या खिडकीचं काय खूळ घेतलं होतं देव जाणे. पण हसत होती, रोज जास्त हसत होती. नाकाची साल निघालेली, पायाला वाळू, शिंपले दाखवतेय, मैत्रिणी मागून गाणी म्हणतायत. मी दिवसभर ऑफिसात त्या चार मिनिटांची वाट बघायचो.

घोडं अडलं ते सेक्रेटरींपाशी. भिंत फोडायची परवानगी मालकाच्या सहीने घ्यावी लागते, आणि घर हिच्या नावावर आहे. ही गोष्ट मी एरवी चारचौघांत अभिमानाने सांगतो. सेक्रेटरी म्हणाले, सही नाही तर काम बंद. मिस्त्री म्हणाला, होऊन जाईल, आणि निघून गेला.

“मालकीण गावाला गेल्यात,” मी म्हणालो.

“मग मी फोन करून तोंडी संमती घेतो. नंबर आहे माझ्याकडे.”

“सेक्रेटरी साहेब, पाया पडतो! तिला कळलं तर ती पुढच्या गाडीने परत येईल.”

“नियम म्हणजे नियम,” ते म्हणाले आणि खिशातून फोन काढला. कॉलची वेळ झालीच होती. मला दुसरं काही सुचेना. मी त्यांचा हात धरून त्यांना वर नेलं, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असं फ्रिजशेजारी उभं केलं, आणि म्हणालो, “बघा आणि मग ठरवा.”

त्या दिवशी ही पाण्यात कमरेपर्यंत शिरली होती. फोन मैत्रिणीच्या हातात. “अहो, बघा! बघताय ना? मी पाण्यात झोपले! तरंगतेय!” आणि खरंच तरंगत होती. हात पसरून, डोळे मिटून, या जगात कुठेही ओटा नाही, गॅस नाही अशी. “दिसतंय गं,” एवढंच म्हणालो.

फोन ठेवल्यावर सेक्रेटरींनी फ्रिजपाशीच चष्मा काढला. तो पुसत म्हणाले, “आमच्या हिला मी कधी समुद्र दाखवला नाही हो.” दारापर्यंत जाऊन वळले. “सही मालकीण परत आल्यावर चालेल. अर्जात मात्र तसं लिहा.”

पुढे टाइल्सचा घोळ झाला. आमच्या जातीच्या टाइल्स आता कोणी बनवतच नाही. शेवटी दुकानदाराने ‘अगदी तशाच’ म्हणून दिलेल्या टाइल्स भिंतीवर लागल्यावर तशा राहिल्या नाहीत. ठिगळ लागलं ते लागलंच. पण ठिगळाच्या वर, मी आधी पेन्सिलीने मापून ठेवलेल्या जागी, बरोबर एक वीत खाली, फळी बसली. तिच्यावर मी डबे मांडले. चहाचा अगदी पुढे, हात वर केला की मिळेल असा.

ही आली. काळवंडलेली, नाक सोललेलं, सुंदर दिसत होती. तसं मी म्हणालोही, तर म्हणाली, “इश्श, काहीतरीच.” मी बॅग घेतली आणि आमच्या दाराशी थांबलो, तर ही पुढचा जिना चढायला लागलेली!

“अगं, घर इथे!”

“माहीत आहे.” तिने वहिनींची बेल वाजवली आणि त्यांच्या हातात शिंपल्यांची एक मोठी माळ ठेवली. “हे तुमच्या स्वयंपाकघराचं भाडं.” मग आतून डोकावणाऱ्या भाऊंना म्हणाली, “भाऊ, पाणी येतंय ना आता?”

भाऊंना इतके दिवस दाबलेली शिंक तेव्हा आली.

मी जिन्यातच बसलो. “तुला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. आपल्या खिडकीतून झाडावरचं कावळ्याचं घरटं खालून दिसतं. नुसत्या काटक्या. तुम्ही फोन फिरवलात आणि मला आतली पिल्लं दिसली! चोची उघडून बसलेली. म्हटलं, हा माणूस वरच्या मजल्यावर काय करतोय?”

“म्हणून रोज खिडकी खिडकी करत होतीस!”

“मग? मैत्रिणीसुद्धा विचारायच्या, आज पिल्लं केवढी झाली.”

“आणि परत कशी नाही आलीस?”

ही माझ्या शेजारी पायरीवर बसली. “निघाले होते. बॅग भरली होती. मग आठवलं, तुम्ही आपला पडदा वहिनींच्या खिडकीला लावला होतात. उलटा. शिवण बाहेर. म्हटलं, मी इथे राहावं म्हणून माणूस एवढा आटापिटा करतोय, तर राहावं बाई. इतक्या वर्षांत मला कोणी असं राहा म्हटलं नव्हतं.” तिचे डोळे भरून आले, माझेही. वहिनींनी दार हळूच लोटून घेतलं.

मग मी तिला घरात नेलं. ठिगळ तिने पाहिलं आणि त्यावरून एकदा बोट फिरवलं. मी फळीकडे हात केला. “हे बघ. तुझ्यासाठी. आता स्टूल नको, काही नको. कर हात वर.”

तिने हात वर केला. टाचा उचलल्या. बोटं डब्याच्या खाली येऊन थांबली, दोन बोटं कमी.

“असं कसं?” मी म्हणालो. “मी तुझ्या बोटांच्या खुणांवरून माप घेतलं! भिंतीवरच्या!”

“अहो,” ही म्हणाली, “त्या खुणा स्टुलावर उभी राहून हात टेकल्याच्या होत्या.”

ती हसायला लागली. तेच हसू, समुद्रावरचं. ओट्याला धरून हसली, पदर तोंडाला लावून हसली. मी मात्र उघड्यावर पडलो होतो. स्टूल मोडून फेकलेलं, फळी अधांतरी, भिंतीला ठिगळ. “मी मिस्त्रीला बोलावतो,” म्हणालो. “दोन बोटांचंच काम आहे.”

“खबरदार!” तिने माझा हात धरला. “तुमचा हात पोचतो ना?”

“पोचतो.”

“मग झालं तर.”

तेव्हापासून रोज सकाळी आतून हाक येते, “अहो, डबा!” मी पेपर ठेवून जातो आणि डबा काढतो. आता डबा हातात आलाच आहे तर पुन्हा बाहेर कशाला जायचं, म्हणून चहाही मीच टाकतो. ही खिडकीशी बसून घरट्याच्या काटक्यांकडे बघते. पिल्लं उडून गेली, पण बसायची सवय राहिली आहे. परवा सेक्रेटरी भेटले. पुढच्या आठवड्यात ते बायकोला घेऊन समुद्रावर चालले आहेत, त्यामुळे खुशीत होते. स्वतःहून म्हणाले, की फळी आणखी दोन बोटं खाली घ्यायची असेल तर जाण्याआधी परवानगी देऊन टाकतो. गरज नाही, असं मी त्यांना लेखी कळवलं आहे. खाली मालकिणीची सही आहे.